पाण्याची बाटली आणि हजारी सत्तरचा चढ

नमस्कार मंडळी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, फोटो शेवटी दाखवणार आहे. फोटो आधी लावले की वक्त्याचं कोणी ऐकत नाही, हा माझा जुना अनुभव. आणि तसंही ते चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहेच. पांढरा डोंगर, लाल गाडी, खाली खोल दरी आणि दगडी कमानींचा वळणदार पूल. कॅलेंडरात पाहिलंय, मोबाइलवर पाहिलंय, कुणाकुणाच्या अल्बममध्ये तर तोच पूल दहा वेळा पाहिलाय. त्या चित्रात सगळं असतं, फक्त चढ दिसत नाही. मी आज बोलणार आहे ते त्या चढाबद्दल.

याला कारण म्हणजे, पहिल्यांदा गेलो तेव्हा मला दुसरं काही दिसलंच नाही. स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातली ही गाडी, बेर्निना एक्स्प्रेस. खूर या गावाहून निघते, बेर्निना खिंड ओलांडते आणि पलीकडे इटलीतल्या तिरानोला उतरते. १४४ किलोमीटर अंतर, चार तासांच्या आसपास वेळ, १९६ पूल आणि ५५ बोगदे. छतापर्यंत काच असलेला डबा, हट्टाने मिळवलेलं आरक्षण. आणि नेमके त्या दिवशी ढग असे खाली उतरले, की खिडकीबाहेर कुणी चादर धरून उभं असावं. शेजारचे गृहस्थ पेंगायला लागले. मी समोरच्या फळीवरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसलो. दुसरं करणार काय? आणि थोड्या वेळाने लक्षात आलं, की बाटलीतलं पाणी तिरकं आहे.

आता पाणी कधी तिरकं होत नाही. तिरके आम्ही होतो. बाटली, फळी, डबा, मी आणि ते पेंगणारे गृहस्थ, सगळेच. सात सेंटिमीटर रुंदीची बाटली आणि मागच्या अंगाला पाणी पुढच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर वर. साताला अर्धा, म्हणजे शंभराला सात, हजाराला सत्तर. बेर्निना मार्गाचा सर्वांत कडक चढ बरोबर तेवढाच आहे, हजार मीटर पुढे गेलात की सत्तर मीटर वर. जगातल्या एका अतिसुंदर रेल्वेमार्गावरून मी गेलो आणि बाटली बघून परत आलो, असं घरचे अजून सांगतात. खरं आहे ते. पण पुढच्या खेपेला उघड्या हवेत तीच गाडी पाहिली, तेव्हा जे दिसलं त्याची किल्ली मला त्या बाटलीत मिळालेली होती.

ती किल्ली अशी. रेल्वेचं लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं. दोन्ही कडक, दोन्ही गुळगुळीत, त्यामुळे घर्षण फार थोडं. सपाटीवर एक टन वजन ढकलत न्यायला काही किलोंचा जोर पुरतो. रेल्वेचा सगळा शहाणपणा याच्यात आहे आणि डोंगराशी गाठ पडली की सगळी अडचणही याच्यातच. हजारी सत्तरच्या चढावर दर टनामागे सत्तर किलोंचं ओढणं आपोआप मागे लागतं. शंभर टनांची गाडी असेल तर सात टन. आणि हे सात टन ओढायचे कशाच्या आधाराने? त्याच गुळगुळीत रुळाच्या. कोरड्या रुळावर एका टनाचा भार असलेलं चाक साधारण तीनशे किलोंपर्यंत जोर घेतं, त्यापुढे जागच्या जागी गरगरतं. रूळ ओला असेल, पहाटेचं दव त्यावर गोठलं असेल, तर निम्म्याहूनही कमी. म्हणून इंजिनात वाळूची पेटी असते. चाकापुढे वाळू सोडायची आणि पकड मिळवायची, ही युक्ती वाफेच्या काळापासून आजतागायत चालू आहे.

तर डोंगरातल्या रेल्वेचा सगळा मामला या एका आकड्यावर उभा असतो, जास्तीत जास्त चढ किती घ्यायचा. तो ठरला की वळणं, पूल, बोगदे हे सगळं मागोमाग येतं. गाडी कड्याच्या अगदी टोकावरून गेली, तर ती आपल्याला दरी दिसावी म्हणून नव्हे. तिला तिथेच हजारी पस्तीस सापडले म्हणून.

या धंद्याची सुरुवात ऑस्ट्रियातल्या झेमरिंग खिंडीत झाली असं मानायला हरकत नाही. कार्ल फॉन गेगा नावाच्या इंजिनिअरने १८४८ ते १८५४ या काळात तिथे ४१ किलोमीटरचा मार्ग बांधला, दगडविटांचा, सोळा पुलांचा. त्यातले काही दुमजली, एका कमानीवर दुसरी कमान. गंमत म्हणजे काम सुरू झालं तेव्हा तो चढ चढू शकणारं इंजिनच अस्तित्वात नव्हतं. आधी कळस, मग पाया. मार्ग अर्धामुर्धा झाल्यावर १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा लावली आणि कारखानदारांना सांगितलं, हा चढ चढून दाखवा. या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. आपण पूल बांधतोय, गाडी कुणीतरी शोधेलच, असा भरवसा धरायला छाती लागते.

आता आपल्या मार्गाकडे येऊ. याचे दोन भाग आहेत आणि ते मुळात दोन वेगळ्या कंपन्यांनी बांधले. थुसिस ते सेंट मॉरिट्झ हा आल्बुला मार्ग, १९०३-०४ चा. सेंट मॉरिट्झ ते तिरानो हा बेर्निना मार्ग, १९०८ ते १९१० मध्ये टप्प्याटप्प्याने उघडलेला. दोन्हींचा रूळ एक मीटर रुंदीचा. २००८ मध्ये दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे लोक त्यांना जुळी भावंडं समजतात. भावंडं आहेत, पण स्वभाव एकदम उलट.

आल्बुला मार्ग बांधला तो वाफेच्या इंजिनासाठी. वाफेचं इंजिन म्हणजे स्वतःचा कोळसा आणि पाणी पाठीवर घेऊन डोंगर चढणारा हमाल. त्याला फार कडक चढ झेपत नाही. म्हणून आकडा ठरला हजारी पस्तीस. आता बेर्ग्युन आणि प्रेडा ही दोन स्टेशनं घ्या. बेर्ग्युन समुद्रसपाटीपासून १३७३ मीटरवर, प्रेडा १७८९ मीटरवर. फरक ४१६ मीटर. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर पाच-सहा किलोमीटर. सरळ रूळ टाकला तर चढ परवानगीच्या दुप्पट होतो. मग ४१६ ला पस्तीसने भागून हजाराने गुणा. उत्तर येतं जवळपास बारा किलोमीटर. म्हणजे बारा किलोमीटरचा रूळ पाच-सहा किलोमीटरच्या दरीत कोंबायचा.

तो कोंबला कसा, ते डब्यात बसून कळत नाही, हीच त्यातली कमाल. गाडी दरी ओलांडते, समोरच्या डोंगरात शिरते, आत अंधारात पूर्ण गोल फिरते आणि शिरली होती त्याच्या वरच्या अंगाला बाहेर पडते. हे गोल बोगदे तीन आहेत, रुग्नुक्स, तुआ आणि त्सुओंद्रा. पहिल्यांदा जाणारा माणूस पुरता गोंधळतो. नदी मघाशी डाव्या हाताला होती, आता उजव्या. मघाचा पूल खाली दिसतोय आणि त्यावर बर्फात उमटलेल्या दोन काळ्या रेघा. आपल्याच. दिशा हरवते, उंची मात्र वाढत राहते.

याच प्रकारचा एक जुना नमुना गॉटहार्ड मार्गावर आहे, १८८२ सालचा. तिथे वासेन गावातलं छोटं चर्च प्रवाशांना तीन वेळा दिसतं, आधी मान वर करून, मग समोरासमोर, मग पायाखाली. २०१६ मध्ये त्या डोंगराच्या तळातून ५७ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तिकडून जायला लागल्या. घाईच्या माणसाला चर्च दिसत नाही आता. दर वेळी घाटातून फिरायला सगळे मोकळे थोडेच असतात? पण चढ टाळला की दृश्यही गेलं, हे लक्षात ठेवा. पुढे पुन्हा येणार आहे.

बेर्ग्युन आणि प्रेडामधली हिवाळ्यातली एक गोष्ट मला फार आवडते. जुना गाडीरस्ता बर्फाने बंद होतो, तर तो रस्ताच सहा किलोमीटरची घसरगुंडी होतो. लोक लाकडी घसरगाड्या काखेत मारून बेर्ग्युनला आगगाडीत चढतात, प्रेडाला उतरतात आणि त्या रस्त्यावरून घसरत पुन्हा बेर्ग्युनला येतात. मग परत गाडी. गाडीने गोल गोल फिरत कमावलेले ४१६ मीटर पोरं बसल्या बसल्या उधळतात. डब्याच्या दारापाशी ओल्या घसरगाड्यांचा ढीग, लोकरी हातमोज्यांतून ठिबकणारं पाणी, लालबुंद नाकं. मी साध्या गाडीने गेलो तेव्हा त्या ढिगातच अडकलो होतो. उतरायचं स्टेशन हुकलं माझं. पण ते असो.

लँडवासरचा पूल म्हणजे तुमच्या कॅलेंडरातला पूल, तोही याच मार्गावर, फिलिझूर स्टेशनच्या अलीकडे. ६५ मीटर उंच, १३६ मीटर लांब, सहा कमानी, आणि सगळा पूल शंभर मीटर त्रिज्येच्या वळणावर. पूल संपतो तो थेट उभ्या कड्यात. कडा आणि पूल यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही, लगेच बोगदा. १९०१-०२ मध्ये तो बांधला तेव्हा उंच खांबांना परांची बांधली नाही. दरीत इतकं लाकूड उभं करणं परवडणारं नव्हतं, आणि पूर आला तर सगळंच वाहून गेलं असतं. त्यांनी प्रत्येक खांबाच्या पोटात लोखंडी मनोरा उभा केला, त्यावर दगड उचलायची यारी बसवली आणि मनोऱ्याभोवती दगड रचत वर गेले. मनोरे अजून आतच आहेत, दगडात चिणलेले. पूल इतका नाजूक दिसतो खरा, पण त्याच्या प्रत्येक पायात लोखंडाचं हाड आहे.

त्या पुलावर गाडी असते जेमतेम काही सेकंद. गर्दी एकदम उजव्या खिडक्यांकडे पळते, पुढचे डबे वळताना दिसतात, तेवढ्यात अंधार. बरेच जण त्या सेकंदांत मोबाइलचं कुलूप उघडत असतात.

प्रेडानंतर आल्बुलाचा मोठा बोगदा लागतो, ५८६५ मीटरचा. खोदताना त्याने भयंकर त्रास दिला. मध्येच भुसभुशीत खडक लागला आणि त्यातून बर्फासारखं गार पाणी धो धो यायला लागलं. कंत्राटदार काम सोडून गेला, मग रेल्वेनेच ते हातात घेतलं. शंभराहून अधिक वर्षं तो बोगदा चालला. आता शेजारी नवा खोदलाय, २०२४ मध्ये गाड्या त्यातून जायला लागल्या.

इथे कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशासाठी? त्या दऱ्यांत ना मोठी शहरं, ना खाणी. उत्तर आहे, आजारी माणसांसाठी आणि हौशी माणसांसाठी. क्षयावर औषध नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. उंचावरची कोरडी हवा हाच उपचार. क्षयी बायकोला घेऊन विलेम यान होल्सबूर नावाचा एक डच माणूस दावोसला आला, मूळचा दर्यावर्दी. बायको वाचली नाही, तो तिथेच राहिला आणि रोग्यांना वर आणायचं साधन हवं म्हणून त्याने रेल्वेचा ध्यास घेतला. १८८९-९० मध्ये त्याची गाडी आधी क्लोस्टर्स आणि मग दावोसला पोचली. आपले हे दोन्ही मार्ग आज चालवणारी रेटियन रेल्वे त्यातूनच वाढली. समुद्रावरच्या कप्तानाने डोंगरात रेल्वे काढली, हे कादंबरीत लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता बेर्निना. हा मार्ग पहिल्या दिवसापासून विजेवर. कोळसा वाहायचा नाही, पाण्याचा हौद नाही, मोटारी डब्यांखालच्याच अनेक चाकांना जोडता येतात, त्यामुळे गाडीचं बरंचसं वजन पकडीच्या कामी येतं. म्हणून या इंजिनिअरांनी धाडस केलं, आकडा दुप्पट धरला, हजारी सत्तर. इतका चढ घ्यायचा तर दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवून दातेरी चाकाने चढतात, तशा रेल्वे आल्प्समध्ये कितीतरी आहेत. युंगफ्राउची गाडी १९१२ पासून तशी चढते, थेट ३४५४ मीटरपर्यंत. बेर्निनाने दाते नाकारले. नुसती चाकं आणि नुसता रूळ. त्या भरवशावर ती २२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बेर्निना स्टेशनापर्यंत जाते.

दोन मार्गांत हा फरक खिडकीतून कसा दिसतो? आल्बुलात गाडी डोंगराच्या आत लपत-छपत जाते, पुलावरून बोगद्यात, बोगद्यातून पुलावर. बेर्निनात गाडी उघड्यावर चढते. बोगदे कमी, आभाळ जास्त. वळणं इतकी आवळलेली, की काही ठिकाणी त्रिज्या जेमतेम ४५ मीटर, आणि खिडकीतून आपल्याच गाडीचं शेपूट समोर येतं. वेग ताशी तीसच्या आसपास. धावणारा माणूस काही अंतर बरोबरीने येईल. लोक म्हणतात, मुद्दाम सावकाश नेतात, बघता यावं म्हणून. छे! याहून जोरात जाता येत नाही तिला.

वर चढताना मोर्तेराचची हिमनदी दिसते. मार्ग झाला तेव्हा तिचं टोक बरंच खाली होतं. आता ती मागे सरकत सरकत डोंगराच्या पोटात गेलीय, आणि स्टेशनापासून वर जाणाऱ्या पायवाटेवर कुठल्या वर्षी बर्फ कुठवर होता त्याच्या पाट्या लावल्यात. पाट्यांमधलं अंतर चालून पाहावं. मी चाललो. अलीकडच्या वर्षांच्या पाट्या एकमेकींपासून लांब लांब आहेत.

मग येतो लागो बियान्को, शब्दशः पांढरा तलाव. उन्हाळ्यात हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे पाणी दुधी, हिवाळ्यात गोठून वर बर्फ, म्हणजे नाव बाराही महिने खरं. तलावाच्या एका टोकाचं पाणी दक्षिणेला पो नदीत आणि एड्रियाटिक समुद्रात जातं. शेजारी लहानसं काळं तळं आहे, त्याचं पाणी उत्तरेला इन नदीतून डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला. दोन तळ्यांमधल्या त्या उंचवट्यावरून गाडी कधी गेली, ते कळतही नाही. हिवाळ्यात तर मुळीच नाही, सगळं एकाच रंगाचं. तलाव कुठे संपला, काठ कुठे लागला, काही सांगता येत नाही. विजेचे खांब तेवढे ओळीने उभे, आणि त्यांच्यावरून कळतं की इथे रूळ आहेत.

तर या उंचीवर जानेवारीत गाडी चालते कशी? मूळ बेत उन्हाळ्यापुरताच होता. हिवाळ्यात इथे वारा बर्फ उचलून आणतो आणि रुळाच्या खोलगट जागेत भरतो. बर्फ पडतो त्यापेक्षा उडून येणारा जास्त त्रास देतो. साधा बर्फाचा नांगर, म्हणजे पुढे पाचर लावलेलं इंजिन, बर्फ बाजूला लोटतो. पण दोन्ही बाजूंना आधीच माणूसभर उंच भिंती असतील तर लोटणार कुठे? तिथे लागतं फिरत्या पात्यांचं यंत्र. पुढे भलंमोठं चाक, त्याला पाती, ती बर्फ कापतात आणि नळकांड्यातून लांब भिरकावतात. या यंत्राची कल्पना पहिल्यांदा मांडली टोरांटोच्या एका दंतवैद्याने, जे. डब्ल्यू. इलियटने, १८६९ मध्ये. दात कोरणाऱ्याला डोंगर कोरायचं सुचणं तसं स्वाभाविकच!

बेर्निनाने अशी दोन यंत्रं घेतली, १९१० आणि १९१२ ची. मार्ग विजेचा, पण यंत्रं वाफेची. कारण वादळात तार तुटली, वीज गेली, तर बर्फ काढायला निघालेलं यंत्रच बर्फात अडकून चालणार नाही. आणि ती स्वतःच्या वाफेवर चालतात, मागे ढकलणारं इंजिन नसलं तरी. त्यातलं एक अजून धडधाकट आहे, मधूनमधून ते हौशींसाठी बाहेर काढतात. काळं इंजिन, काळा धूर आणि बाजूने उसळणारा पांढराशुभ्र फवारा. मी दूर उभा होतो, तरी थोड्या वेळाने अंगावर बारीक बर्फाची भुकटी येऊन बसली. वासाला कोळसा, स्पर्शाला बर्फ.

बर्फ रोज काढावा लागतो आणि आपण सकाळच्या गाडीत बसतो तेव्हा तो काढून झालेला असतो. म्हणून तो सजावट वाटतो. सजावट नाही ती. १९१० च्या १ मार्चला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वेलिंग्टन स्टेशनात बर्फामुळे काही दिवस अडकून पडलेल्या दोन गाड्यांवर वरच्या उतारावरचा बर्फ कोसळला आणि गाड्या खालच्या नदीपात्रात गेल्या. ९६ माणसं मेली. असं होऊ नये म्हणून डोंगरी रेल्वे रुळांवर छपरं बांधतात, उतारांवर कुंपणं घालतात, बोगदे वाढवतात. बेर्निनावर जाताना मध्येच अंधार-उजेड, अंधार-उजेड असं होतं आणि प्रवासी वैतागतात, की फोटोच्या वेळी नेमकं छप्पर येतं. ते छप्पर तुमच्या डोक्यावर बर्फ येऊ नये म्हणून आहे, राव.

बर्फाशी तडजोड करण्याचा सर्वांत नम्र मार्ग फुर्का खिंडीत पाहायला मिळतो. तिथे श्टेफेनबाख ओढ्यावर एक पूल आहे, १९२५ चा. बर्फाच्या लोंढ्याच्या वाटेतच येतो. तो टिकवायचा कसा? दर वर्षी हिवाळ्याआधी तो घडी करून काढून ठेवतात आणि वसंतात पुन्हा उभारतात. बर्फ आला, त्याला रिकामी जागा दिली, गेला. त्याच खिंडीतून झेरमाट ते सेंट मॉरिट्झ ही प्रसिद्ध ग्लेशियर एक्स्प्रेस १९३० पासून जायची. पण फक्त उन्हाळ्यात. १९८२ मध्ये खिंडीखालून १५ किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि गाडी हिवाळ्यातही धावायला लागली. आणि गंमत पाहा, जिच्यावरून गाडीचं नाव पडलं ती ऱ्होनची हिमनदी होती वरच्या जुन्या मार्गावर. बोगदा झाला, हिवाळा जिंकला, हिमनदी खिडकीतून गेली. मघाशी म्हटलं ना, पुन्हा येईन म्हणून.

आता तुमच्यातल्या जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी, भरभर. काचेच्या छताच्या गाडीत खिडक्या उघडत नाहीत आणि आपल्याच स्वेटरचं प्रतिबिंब प्रत्येक फोटोत येतं. काळे कपडे घाला. त्याच रुळांवरून साध्या प्रवासी गाड्याही जातात, त्यांना आरक्षण लागत नाही, आणि जुन्या डब्यांच्या खिडक्या खाली सरकतात. मी आता साध्याच गाडीने जातो. मध्ये उतरता येतं हा मोठा फायदा. खूरहून तिरानोला जाताना उजवी बाजू धरा. बर्फाचा फोटो काढताना उजेड थोडा वाढवून घ्या. कॅमेऱ्याला एवढा पांढरा रंग म्हणजे काहीतरी चूक वाटते आणि तो बर्फ राखाडी करून टाकतो. आणि दिवस आभाळाचा निघाला तर कुढू नका, बाटली काढा.

ओस्पित्सिओ सोडलं की उतार लागतो, आणि मला विचाराल तर प्रवासाचा खरा भाग इथून पुढे आहे. आल्प ग्र्युम, २०९१ मीटर. या स्टेशनाला रस्ताच नाही. एक तर गाडीने या, नाहीतर पायी. गाडी थोडा वेळ थांबते तेव्हा खाली उतरून उभे राहा. ताजा बर्फ आवाज पिऊन टाकतो. शंभर माणसं फलाटावर आहेत आणि तरी कुजबुजल्यासारखं वाटतं. समोर पाल्युची हिमनदी लोंबतेय. खाली, फार खाली, पोस्कियाव्होची दरी, हिरवट-तपकिरी. बर्फ नाही तिथे. पोस्कियाव्हो १०१४ मीटरवर आहे. तुम्ही जिथे उभे आहात तिथून हजारहून अधिक मीटर खाली, आणि जायचं आहे हजारी सत्तरनेच.

गाडी निघते आणि जंगलातून नागमोडी उतरायला लागते. इथे एक गंमत बघा. डब्यात बसलेल्या माणसाला डबा सरळ वाटतो, कारण सीट, फळी, खिडकीची चौकट सगळं एकमेकांना काटकोनात असतं. त्यामुळे बाहेरची देवदारं वाकडी दिसतात. सगळी झाडं चढाच्या बाजूला कललेली. घरंसुद्धा. शेजारच्यांना वाटतं, वाऱ्याने कललीत. झाडं ओळंब्यात आहेत, आपण कललोय. बाटलीतलं पाणी आणि ते देवदार, दोघंच खरं बोलतात त्या वेळी.

वळण घेतलं की दरी डावीकडे, पुढच्या वळणाला उजवीकडे. दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना समान न्याय. बर्फ आधी फांद्यांवरून जातो, मग छपरांवरून, मग सावलीतले पट्टे उरतात. हवा बदलते. स्टेशनांच्या पाट्यांवर जर्मन संपून इटालियन कधी लागली, ते कळत नाही. तलावाकाठच्या एका गावात गाडी सरळ रस्त्यावरून, मोटारींच्या बरोबरीने चालायला लागते.

आणि मग ब्रुझिओ. ७८० मीटर. दरी एकदम खाली पडते, शेजारी डोंगराची भिंत नाही की जिच्यात गोल बोगदा खोदावा. मग त्यांनी तो गोल उघड्यावर मांडला, सत्तर मीटर त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ, आणि त्यात नऊ कमानींचा पूल. गाडी पुलावरून जाते, वळते, उतरते, वळत राहते आणि शेवटी आपल्याच पुलाच्या कमानीखालून बाहेर पडते. आल्बुलाच्या पोटात अंधारात तीन वेळा जे झालं आणि आपल्याला कळलं नाही, ते इथे कुणीतरी गवतावर काढून दाखवावं तसं. पहिल्या खेपेला ढग इथवर येऊन फाटले होते. ते पेंगणारे गृहस्थ जागे झाले, त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मला विचारलं, ‘‘आपण मघाशी वर नव्हतो का?’’

तिरानो ४२९ मीटर. चाळीसेक किलोमीटरांत १८२४ मीटर उतरून गाडी शहरात शिरते आणि बॅसिलिकासमोरच्या चौकातून ट्रामसारखी जाते. मोटारी थांबतात, माणसं बाजूला होतात. बाटलीतलं पाणी सरळ झालेलं असतं.

चला, आता दिवे घालवा, फोटो लावू. पहिले तीन फोटो पूर्ण काळे आहेत. प्रोजेक्टर बिघडलेला नाही, मीच काढलेत ते. रुग्नुक्स, तुआ, त्सुओंद्रा.